डिगरी नॉयचं बुडणं

डिगरी नॉयला पकडायला राजाचं जे जहाज निघालं, त्यावर अँब्रोज केल्वे लेफ्टनंट होता. नॉय मूळचा कॉर्नवॉलमधल्या माउसहोल गावचा कोळी. स्पेनशी लढाई चालू होती तोवर आरमाराला तो हवा होता. तह झाला आणि त्याच्यासारख्या शेकडो खलाशांना घरी बसवलं. मासळीवर पोट भरेना, तेव्हा तो आयर्लंडच्या किनाऱ्यावरच्या खाड्यांमध्ये जाऊन समुद्रावरचा लुटारू, म्हणजे चाचा झाला.

त्याच किनाऱ्याजवळ धुक्यात राजाचं जहाज खडकावर आपटलं. कप्तान बुडाला, निम्मे खलाशी बुडाले. तुटलेल्या डोलकाठीखाली अँब्रोजचा पाय चिरडला आणि तो तिलाच धरून लाटांवर हेलकावे खात राहिला. किनाऱ्यावरून होड्या आल्या त्या चाच्यांच्या. हे आता बुडत्यांचे खिसे कापणार, असं त्याला वाटलं. पण एक धिप्पाड दाढीवाला पाण्यात उतरला आणि त्याला काखेत धरून म्हणाला, “मला पकडायला आलात ना, साहेब? मग पकडा आता घट्ट.”

वाचलेल्या बाकीच्यांना नॉयने पहिल्याच व्यापारी गलबतावर बसवून दिलं. अँब्रोजला हलवता येत नव्हतं, म्हणून तो राहिला. सगळा हिवाळा त्याने नॉयच्या दगडी, ठेंगण्या घरात काढला. जखम नॉय स्वतः धुवायचा, ओटची पेज स्वतः भरवायचा आणि भरवता भरवता आरमाराला शिव्या घालायचा. अँब्रोज तापातही आरमाराची बाजू घेऊन भांडायचा. पुढे पायात बळ आलं, तेव्हा नॉयच्या खांद्यावर हात टाकून तो किनाऱ्यावरच्या गोट्यांतून चालायला शिकला. आधाराची गरज संपली, तरी खांद्यावरचा हात निघाला नाही. एका संध्याकाळी नॉयने मान वळवून त्या हातावर ओठ टेकले. उघडकीला आलं तर दोघांना फास, आणि नॉयच्या नावावर तर एक फास आधीच लिहिलेला होता.

थंडी सरली, तशी अँब्रोजने निघायची भाषा केली. त्याने राजाची शपथ घेतली होती. नॉयने अडवलं नाही. “शपथ मोडून राहिलास, तर माझं तोंड बघून रोज ती आठवेल तुला,” एवढंच म्हणाला. मागाहून खोटं बोलायची वेळ येऊ नये, म्हणून अँब्रोजने निघताना हट्टाने डोळे बांधून घेतले. प्लिमथ बंदरात वरिष्ठांनी खाडीचा ठावठिकाणा विचारला, तेव्हा डोळे बांधलेले होते, वाट माहीत नाही, असं त्याने सांगितलं आणि ते खरंच होतं.

पुढल्या वर्षी राजाने चाच्यांना माफी जाहीर केली. नॉयच्या माणसांनाही ती मिळणार होती, पण एका अटीवर: नॉय जिता हाती लागला पाहिजे, किंवा तो मेल्याची शपथेवर साक्ष मिळाली पाहिजे. हा माफीनामा घेऊन कोण जाणार, असा प्रश्न आला तेव्हा अँब्रोज पुढे झाला. दुसरा कोणी गेला असता, तर ती अट त्याने नॉयच्या आधी त्याच्या माणसांच्या कानात सांगितली असती.

आयरिश कोळ्यांनी निरोप पोचवला, तोवर अँब्रोज आठवडाभर त्यांच्याच किनाऱ्यावर थांबला. भर दुपारी, उघड्यावर नांगर टाकून उभ्या असलेल्या चाच्यांच्या जहाजावर अँब्रोज एकटा चढला. आधी त्याने नॉयला बाजूला घेऊन अट सांगितली. “वाच सगळ्यांसमोर,” नॉय म्हणाला. “यांची पोरंबाळं आहेत घरी. आणि मला कोणी न्यायचंच असेल, तर तू ने.”

अँब्रोजने वाचलं. नॉयने मनगटं पुढे केली, पण दोर उचलायला कोणी जागचं हललं नाही.

मग क्लेमो नावाचा म्हातारा तोफची उठला. “कसला नॉय घेऊन बसलात?” तो म्हणाला. “कप्तान परवाच्या वादळात बुडाला की. मी बघितला ना डोळ्यांनी.”

“मीपण,” दुसरा म्हणाला. मग तिसरा, मग एकेक करत सगळेच. मधोमध नॉय उभा होता आणि त्याच्या देखत त्याचं मरण ठरत होतं. शेवटी सगळ्यांच्या नजरा अँब्रोजवर येऊन थांबल्या. एका शब्दावर एवढे जीव टांगले होते, आणि अँब्रोज आयुष्यात शपथेवर कधी खोटं बोलला नव्हता.

“मीही पाहिलं,” तो म्हणाला.

प्लिमथला त्याने बायबलावर हात ठेवून तेच सांगितलं. पाठोपाठ प्रत्येक खलाशानेही सांगितलं, आणि त्यातला एकही फुटला नाही. माणसं सुटली. पण नॉयच्या घरी कळवणं राहिलं होतं, आणि ते काम अँब्रोजने दुसऱ्या कोणावर सोपवलं नाही.

माउसहोलला नॉयची आई जेनिफर दारात बसून मासळीला मीठ लावत होती. अँब्रोजचं सगळं बोलणं होईतो तिचे हात थांबले नाहीत.

“डोळे कोणी मिटले त्याचे?” तिने विचारलं.

“समुद्राने नेला, आई. सापडला नाही.”

“बुडालेल्यांच्या घरी याआधीही गेला असाल तुम्ही.”

“पुष्कळदा.”

“तिथे माणसांच्या तोंडाकडे बघून बोलला असाल. माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीत.”

म्हातारीने हात एप्रनला पुसले. “नका सांगू काही,” ती हळू आवाजात म्हणाली. “पाद्री येतो, शेजारणी येतात, माझ्या पोटात काही राहत नाही. उद्या चर्चमध्ये मी त्याच्यासाठी रडेन, गाव बघेल. मला रडायला कारण आहेच. तो काही या दारात परत यायचा नाही.” मग म्हणाली, “थंडीत छाती धरायची त्याची. गरम फडकं बांधावं लागायचं. आता हे तुम्हाला कशाला सांगतेय मी, कोण जाणे.”

पाय अधू असल्याचं कारण देऊन अँब्रोजने आरमार सोडलं.

नॉय आता आयर्लंडमध्येच, पण किनाऱ्यापासून आत, डोंगराच्या कुशीत राहत होता. दाढी काढली होती, नाव बदललं होतं. व्यापारी गलबतांवर त्याला ओळखणारे फार होते, म्हणून समुद्राचं तोंड बघायचं नाही, असं त्याने स्वतःला बजावलं होतं. अँब्रोज पोचला तेव्हा तो दलदलीतली जळाऊ माती कापून विटांसारखी रचत होता. त्याने फावडं टाकलं, अँब्रोजला मिठीत घेतलं, आणि पहिला प्रश्न केला, “आईला काय सांगितलंस?”

अँब्रोजने काहीही न लपवता सगळं सांगितलं. नॉय ढिगाऱ्यावर बसला आणि टोपीत तोंड खुपसून लहान मुलासारखा रडला. अँब्रोज दुखरा पाय लांब करून त्याच्याशेजारी बसला आणि त्याने नॉयच्या पाठीवर हात ठेवला. रडणं थांबायला बराच वेळ लागला. तोवर आभाळ भरून आलं होतं, म्हणून दोघं उठले आणि उरलेल्या विटा भिजायच्या आत घरात वाहून नेऊ लागले.