दिव्याभोवतीचं तांबडं

"हा उजेड या जगातला नाहीच," माझा मेहुणा म्हणाला, आणि दोन बायकांनी डोळे मिटून छातीवर हात ठेवले.

मी दाराशी उभा राहून ऐकत होतो.

चित्र माझ्या धाकट्या बहिणीचं. जलरंगातलं, हातभर रुंद, त्यांच्याच दिवाणखान्यात टांगलेलं. मधोमध उजळ ठिपका, त्याभोवती रंगीत वलयं आणि बाकी सगळा धुरकट काळोख. मेहुण्याने त्याला 'अंतर्ज्योत' असं नाव देऊन टाकलं होतं. ती स्वतः चित्राखालच्या खुर्चीत बसली होती. डोळे उघडे, नजर कुठेच नाही. लोक आधी चित्राकडे बघत, मग तिच्याकडे, आणि दोन्हींना एकच 'वा!' म्हणत.

तीस वर्षं मी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतोय. दोन वर्षांपूर्वी तिचा फोन आला होता. "दादा, हल्ली दिव्यांभोवती रंगीत कडी दिसतात रे. डोकंही ठणकतं." मी त्याच दिवशी मेहुण्याला सांगितलं, काचबिंदू असेल, लगेच डॉक्टरांना दाखवा. तो म्हणाला, "तिला आत्ता कुठे खरं दिसायला लागलंय, दादा. उगाच घाबरवू नका." नवरा-बायकोच्या मध्ये कशाला पडा, म्हणून मी गप्प बसलो. वर्षभरात तिचे दोन्ही डोळे गेले.

"बाईंना नेमकं दिसलं तरी काय हो?" एका गृहस्थांनी विचारलं. तिला नाही, मेहुण्याला.

"पलीकडचं," तो मान तिरकी करून म्हणाला.

"काचबिंदू दिसला," मी मोठ्याने म्हणालो.

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मग मेहुणाच हसला. "आमचे दादा चष्म्याच्या दुकानात असतात. देव भेटला तरी आधी त्याचा नंबर काढतील!" लोक खो खो हसले. छातीवर हात ठेवलेल्या त्या बायकासुद्धा. मला त्यांची किळस आली, आणि तिथेच उभ्या असलेल्या स्वतःचीही.

मी चित्राच्या अगदी जवळ गेलो. मधला उजेड तिने रंगवलेलाच नव्हता. तेवढा कागद कोरा राखला होता. ओल्या कागदावर सोडलेले रंग एकमेकांत मिसळले होते, पण रंगांचा चिखल कुठेच झाला नव्हता. सुंदर होतं ते. तेच मला सहन होईना.

"दादा, तूच ना?" ती हळूच म्हणाली. "बघितलंस? समोरच्या रस्त्यावरचा दिवा आहे तो."

"ओळखला मी."

"निळा आत, तांबडा बाहेर. बरोबर आलाय?"

"अगदी बरोबर. असंच दिसतं."

"हे म्हणत होते, तांबडा काढ, सोनेरी कर. मी नाही केला. चित्र पुरं होऊ दे, मग डॉक्टरकडे जाऊ, म्हणाले होते."

"मी तेव्हा अजून एकदा सांगायला हवं होतं गं. येऊन घेऊनच जायला हवं होतं तुला."

"हो," ती म्हणाली. "हवं होतं."

पलीकडे मेहुण्याने नव्या माणसांना पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली होती.

"माझा चहा ठेवला होता ना कुणीतरी?" तिने विचारलं.

स्टुलावरचा कप मी तिच्या हातात दिला. चहा गार झाला होता, वर जाड साय धरली होती. दुसरा आणतो म्हणालो, तर तिने मान हलवली. बोटाने चाचपून ती साय काढली, बशीच्या कडेला पुसली आणि ताठ बसून सावकाश सगळा चहा प्यायली.