खंडेनवमीचं कुलूप

ह्यांचा माझ्यावर फार जीव. म्हणून उद्यमनगरात लेथच्या कारखान्यावर जाताना बाहेरून कुलूप घालून जातात. "जमाना वाईट हाय," म्हणतात. गॅसवाला आला की मी खिडकीतून हात जोडते. तो बिचारा सिलिंडर खांद्यावर घेऊन, दर्शन झाल्यासारखा माघारी जातो.

अंबाबाईचं देऊळ हाकेच्या अंतरावर, पण लग्न झाल्यापासून नवरात्रात तिची ओटी मी भरली नव्हती. यंदा नक्की येते म्हणून देवीला शब्द दिला होता. घटापुढच्या अखंड दिव्याकडे बोट दाखवून हे म्हणाले, "दिवा कोण बघणार? आणि देवी घरात पण हायच की."

"ती स्वतः पंचमीला टेकडीवरच्या टेंबलाईला भेटून येते," मी म्हटलं. "अष्टमीला तर गावभर फिरते."

"ती देवी हाय. तू न्हाईस."

"बरं," म्हटलं. अष्टमीही गेली. उरली खंडेनवमी.

आता, हे कुणाला भीत नाहीत, पण खंडेनवमीला भितात. एकदा पूजा झालेला पाना त्याच दिवशी वापरला आणि अंगठा फाटला. तेव्हापासून, पुजलेल्या हत्याराला दसऱ्याची पूजा होईपर्यंत हात लावायचा नाही, असा ह्यांचाच नेम.

सकाळी मी पाटावर हत्यारं मांडली. पक्कड, पाने, विळी, कोयता. वर झेंडूचा ढीग. ह्यांनी सोवळं नेसून सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं, आरती केली, नारळ फोडला. मग कारखान्यातल्या पूजेला निघायचं म्हणून दाराजवळच्या खिळ्याकडे हात नेला. खिळा मोकळा.

"कुलूप कुठं हाय?"

मी झेंडू जरा बाजूला सारला. खाली कुलूप, ह्यांनी वाहिलेलं कुंकू झेंडूतून गळून लालभडक.

"हे कशाला मांडलंस?"

"लोखंडच की. रोज घराची राखण करतंय. त्याचा मान नको?"

हे पाटाकडे बघत राहिले. हात पुढे गेला, अंगठ्याकडे लक्ष गेलं, हात मागे आला. मी ओटीचं ताट उचललं. खाली शेजारच्या शालूबाई काकू थांबल्या होत्या.

"अगं, घर उघडं टाकून मी जाऊ कसा?"

"कशाला जाताय? बसा की. दिव्यात तेवढं तेल घाला."

रांग बिंदू चौकापर्यंत आली होती. मला ती लांबलचक रांगसुद्धा गोड वाटली. ओटी भरली, देवीला डोळे भरून पाहिलं, काकूंबरोबर भवानी मंडपात उसाचा रस प्यायले. मग आणखी एक प्यायले.

दिवेलागणीला परतलो तर हे खिडकीत उभे. कारखान्यातला नारळ ह्यांनी व्हिडिओ कॉलवर फोडून घेतला होता. काकूंनी ह्यांच्याकडे बघत खालूनच हात जोडले. "चला, कृष्णातरावांचं पण दर्शन झालं."

"दिवसभर घरात माणूस येडं होतंय," हे मला म्हणाले.

"व्हय?" म्हटलं, आणि प्रसादाचा पेढा हातावर ठेवला.

दसऱ्याची पूजा आटोपल्यावर ह्यांनी पक्कड उचलली, पाने उचलले, मग कुलपाकडे वळले.

"ते राहू दे," मी म्हटलं. "वर्षभर देव्हाऱ्यात ठेवीन, असं काल देवीपुढं बोलून बसलेय."

ह्यांनी हातातली पक्कड पुन्हा पाटावर ठेवली. "मग मी नवीन आणतो."

"आणा की," मी वात सारखी करत म्हटलं. "नवी वस्तू आपण आधी देवापुढंच ठेवतो."

अजून तरी आणलेलं नाही.