पहिला हात वाळू दे

माझी जीभ पहिल्यापासूनच सैल. तीस वर्षं लाकडाला पॉलिश मारतोय. लाकूड उलटून बोलत नाही, त्यामुळे आपलं बोलणं कुणाला लागलं हे मला उशिरा कळतं. त्या वेळी फारच उशीर झाला.

मुलगी सोळा वर्षांची. कपाळावर, गालांवर पुटकुळ्या. दोन दिवसांनी शाळेत वर्गाचा फोटो होता आणि ती आरशापुढून हलेना. मी चहा पीत होतो. म्हणालो, "आण इकडे तोंड, तीनशेवीसचा कागद मारतो. दोन मिनिटांत गुळगुळीत!" आमच्यात पॉलिश पेपरला कागद म्हणतात, आकडा मोठा तितका कागद बारीक. स्वतःच्या विनोदावर मी एकटाच हसलो. "अहो, काहीतरीच काय बोलता!" असं तिची आई म्हणाली, तोवर माझ्या चपला पायात होत्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलगी बाथरूममध्ये तोंडाला टॉवेल धरून उभी होती. टॉवेलवर लाल ठिपके होते. बेसिनवर माझ्या हत्यारांच्या पिशवीतला कागद पडला होता, चारशेचा. मी सांगितला होता त्याहून बारीक तिने शोधून काढला होता. पोरगी विचारी आहे हो. तेच मला सहन होईना.

डॉक्टर म्हणाले, वरवरचं सोललंय, भरून येईल. मलम लावा, साध्या पाण्याने धुवा, उन्हात फिरू नका. मला कुणी काही बोललं नाही. मुलीने तर माझ्याशी बोलणंच टाकलं. भांडली असती, आदळआपट केली असती, तर बरं वाटलं असतं. "आई, यांना सांग, दारातून सरका म्हणावं," एवढंच माझ्या वाट्याला यायचं. मी तिचा 'बाबा' होतो, तो 'यांना' झालो. फोटो तिच्याशिवायच निघाला.

जखमा पुरत्या भरल्यावर आमच्या हिने कपाटातून बाटल्या काढल्या. ही एका मोठ्या दुकानात कोरियन क्रीम-लोशनच्या काउंटरवर उभी असते. सात वर्षं मी त्या बाटल्यांची टिंगल केली होती. एका तोंडाला दहा बाटल्या, आणि आमच्या जेवणाच्या टेबलाला पॉलिशचा एकच डबा पुरतो, असं चारचौघांत सांगायचो. आज मुकाट्याने खुर्ची ओढून बसलो.

"तिकडच्या पद्धतीत चेहरा उजळवायची घाई नसते," ही मुलीला सांगत होती. "आधी त्वचेची भिंत धड करायची. ती धड असली की बाकीचं आपोआप ताळ्यावर येतं. हे हलकं फेसवॉश. हे तांदळाचं आंबवलेलं पाणी. या बाटलीत मंडूकपर्णीचा अर्क आहे, आग शांत करतो. हा गोगलगायीचा रस, ओलावा धरून ठेवतो."

"गोगलगायीचा?" मी न राहवून विचारलं.

हिने मुलीपुढे पुढची डबी सरकवली.

"मग सेरामाइडचं क्रीम, म्हणजे भिंतीच्या फटी बुजतात. शेवटी हे, ऊन अडवणारं. पातळ आधी, घट्ट नंतर. आणि चोळायचं अजिबात नाही. थोपटायचं."

मी हातांकडे बघितलं. आयुष्यभर चोळण्याचेच पैसे घेतले मी. स्पिरिट आणि लाखेने बोटं चिरलेली, नखं तपकिरी. ते हात मी टेबलाखाली घेतले.

हिचं दुकान लांब, ती सकाळी सातलाच निघायची. ती गेली की घरात आम्ही दोघंच, आणि मधे बाथरूमचं दार. एका सकाळी आतून रडवेला आवाज आला. "निघतंय सगळं! गोळे होतायत नुसते!"

शाळेची घाई होती, ती भराभर एकावर एक थर देत होती. हे दुखणं माझ्या ओळखीचं निघालं. घाईच्या गिऱ्हाइकासाठी ओल्या पॉलिशवर दुसरा हात दिला की दारंसुद्धा अशीच पोपडे टाकतात. मी दाराशी गेलो.

"पहिला हात वाळू दे," मी म्हणालो. "बोट टेकवून बघ. चिकटलं तर थांब. नाही चिकटलं, की दुसरा हात. आणि कापसाचा बोळा नको, अर्धं तोच पितो."

मग नळ सुरू झाला. बऱ्याच वेळाने आवाज आला, "हं."

'हं' म्हणजे काही बोलणं नव्हे. पण मी त्या दिवशी कामावर शीळ घालत होतो.

दुसऱ्या दिवसापासून मी दाराबाहेर स्टूल टाकून बसू लागलो. घड्याळ बघायचं आणि सांगायचं, "आता दुसरा." आतून बाटलीचं झाकण वाजायचं. "थांब. हं, आता तिसरा." ती उत्तर देत नसे, पण माझ्या शब्दाआधी झाकणही उघडत नसे. कामावर मला रोज उशीर व्हायचा. होऊ दे म्हटलं.

आणि संध्याकाळी हात धुऊन मी गुपचूप त्या सेरामाइडच्या डबीत बोट घालू लागलो. थोडं गोगलगायीचं, वाळू द्यायचं, मग क्रीम. कधी तिने जवळ येऊ दिलंच, तर माझी बोटं तिला टोचायला नकोत, एवढंच मनात होतं.

"अहो, डबी अर्धी कशी झाली?" हिने विचारलं.

"गोगलगाय येऊन खात असेल."

हिने माझ्या बोटांकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी टेबलावर माझ्या बाजूला एक नवी डबी होती.

सात आठवड्यांनी शाळेने फोटो राहिलेल्या मुलांना पुन्हा बोलावलं. त्या सकाळी मी स्टुलावर बसलो, चार हात झाले, आणि दार उघडलं. इतक्या दिवसांनी तिचा चेहरा जवळून पाहिला. लाली गेली होती. हनुवटीवर दोन पुटकुळ्या होत्या, नाकाशेजारी एक. त्या तशाच छान बसल्या होत्या तिथे.

तिने ऊन अडवणारी ट्यूब माझ्यापुढे धरली.

"बाबा, शेवटचा हात तुम्ही फिरवा."

उठलो, साबणाने हात धुतले, पुन्हा धुतले. "माझी बोटं खरखरीत आहेत गं," मी म्हणालो.

तिने माझा हात उलटा केला आणि बोटांच्या टोकांवरून अंगठा फिरवला. मी फळी तपासतो ना, अगदी तसा.

"आठशेचा कागद झालाय की," ती म्हणाली. मग डोळे मिटून तिने गाल पुढे केला. जो माझ्या बोलण्यापायी सोलला होता, तोच.

मी थोपटायला लागलो. ती लहान असताना पाठीवर थोपटायचो, तेवढ्याच हलक्या हाताने.

"चुकलो गं मी," म्हणालो. "फार चुकलो."

तिने डोळे उघडले नाहीत.

"वाळू द्या, बाबा," ती म्हणाली.