टायरचाच दोष

टायर या विषयावर आमच्या घरात बावीस वर्षं भांडण चालू होतं, आणि त्यात एकदाही माझी चूक नव्हती. घराला रंग द्यायचा होता तेव्हा टायर आले. माझं शिवणयंत्र खडखडायला लागलं तेव्हाही टायरच आले. नवरा शर्यत हरून आला की म्हणायचा, "टायर गेलेत." मी म्हणायचे, "नाचता येईना, अंगण वाकडं." मग तो हसायचा, मी हसायचे नाही, आणि आम्ही जेवायला बसायचो.

शर्यत म्हणजे तरी काय! बंद पडलेल्या गोदामासमोरचं मोकळं आवार. महिन्यातून दोन रविवारी तिथे नारिंगी शंकू मांडून वळणावळणाची वाट आखतात. याला म्हणे ऑटोक्रॉस. एका वेळी एकच गाडी सुटते, मिनिटभरात परत येते, आणि घड्याळ सांगेल तो निकाल. शंकूला धक्का लागला तर दोन सेकंद वाढतात, चुकीच्या बाजूने गेलात तर फेरीच बाद. वाट दर वेळी नवी, म्हणून आधी सगळे ती पायी चालून डोक्यात बसवतात. जिंकलं तर एक पेला मिळतो. असल्या एका पेल्यात मी बटणं ठेवते.

नवरा पार्सलची गाडी चालवतो. शहरातली गल्ली न् गल्ली त्याला पाठ. शंकूंची वाट तो एकदाच चालायचा, तीही खिशात हात घालून, गप्पा मारत. मग माझ्या शिलाईच्या पावतीच्या पाठीमागे सगळी वाट काढून दाखवायचा. धाकटी नणंदही शर्यतीत त्याचीच गाडी घेऊन उतरायची. आधी ती, मग तो. गाडी तीच, टायर तेच, हवाही तेवढीच. ती दवाखान्यात रक्त काढते, हात एकदम स्थिर. तरी भावाच्या एक सेकंद मागेच असायची.

यंदा त्याची वेळ घसरायला लागली. आधी पहिल्याच्या दोन सेकंद मागे, मग चार. एका रविवारी तर त्याने दोन शंकू चुकीच्या बाजूने घेतले. "वळवतो तिकडे गाडी जातच नाही," तो म्हणाला. "पकड संपली टायरची." मी तोंड उघडलं, पण अंगणाची म्हण बाहेर पडली नाही. त्याच आठवड्यात मला गाडीची किल्ली बटणांच्या पेल्यात सापडली होती. त्याआधी पत्ता मिळाला नाही म्हणून तो तीन पार्सलं परत घेऊन आला होता, आणि त्यातलं एक आमच्याच मागच्या गल्लीतलं होतं. मी कपडे दुरुस्त करते. शिवण उसवायच्या आधी कापड कुठे ताणतं ते मला दिसतं. हेही दिसत होतं, आणि मी दुसरीकडे बघत होते.

मला तारलं नणंदेने. तिचीही वेळ घसरत होती, जवळजवळ त्याच्याएवढीच. दोघं एकाच टायरवर आणि दोघंही मागे. मग दोष कुणाचा? टायरचाच! शर्यतीच्या निकालाचा कागद मी पर्समध्ये घेऊन फिरायचे. बसमध्ये जागा मिळाली की काढून वाचायचे, डॉक्टरने सगळं ठीक आहे असं लिहून दिल्यासारखा.

म्हणून या वेळी टायर आणायला मी स्वतः गेले. टायरवाल्याने मला आपादमस्तक न्याहाळलं.

"बाई, चालवणार कोण?"

"चालवणारे दोघं आहेत. मी नुसती भांडते."

त्याने तीन प्रकार दाखवले. पहिला खास शर्यतीचा. किंमत ऐकून मी त्यावरचा हात काढून घेतला. दुसरा निम्म्या किमतीत. "तसाच माल आहे, डोळे झाकून घ्या," तो म्हणाला. डोळे झाकून मी अस्तरसुद्धा घेत नाही. मैदानावरच्या जुन्या माणसांना छळून मी सगळं शिकून गेले होते. टायरच्या अंगावर झिजेचा आकडा असतो. तो जितका लहान तितकं रबर मऊ, पकड जास्त, आयुष्य कमी. आमच्या मैदानावर दोनशेच्या खालचा चालत नाही. आणखी चार आकडे असतात, टायर कोणत्या वर्षी, कितव्या आठवड्यात तयार झाला त्याचे. ते मला समोरच्या बाजूला दिसेनात, तेव्हा मी टायर उलटा करायला लावला. सहा वर्षांचा निघाला. नख रुतवून पाहिलं, रुतेना.

"हे रबर आहे की खापर?" मी म्हटलं. त्याने मुकाट्याने तो आत नेला.

तिसरा एका कोपऱ्यात होता. कंपनीने नवी नक्षी काढली म्हणून जुन्या नक्षीचे चार नग मागे पडले होते. झिजेचा आकडा दोनशे, वय सात महिने, किंमत आपल्याला झेपेल अशी. नख अलगद रुतलं. स्वतःच्या लग्नाचे कपडे घेतानाही मी एवढी चिकित्सा केली नव्हती. नव्या शिवणयंत्रासाठी ठेवलेले पैसे दिले, आणि टायरपायी आयुष्यात पहिल्यांदा गुणगुणत घरी आले. नवऱ्याला सांगितलं तर त्याने माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

शुक्रवारी दुपारी नणंद माझ्या दुकानात आली. मी एका पँटची कड उसवत होते. मोठ्या तोऱ्यात बातमी सांगितली, तशी ती मटकन खाली बसली.

"वहिनी, मला विचारायचंस तरी."

"का गं? महाग पडले?"

"जुने टायर चांगले आहेत. अजून वर्षभर सहज गेले असते."

"मग तुझी वेळ का घसरते?"

ती हातातल्या पिशवीचे बंद गुंडाळायला लागली. "मी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलते," ती म्हणाली. "जिथे पूर्ण दाबायचा, तिथे उचलते. चार महिने झाले. दादा एकदा फेरी संपवून आला, मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, मधेच सगळे शंकू सारखे दिसायला लागले गं. वहिनी, त्याचं तोंड बघवेना. मी म्हटलं, टायर गेले असतील दादा. मग ते खरं दिसावं म्हणून मलाही मागे पडावं लागलं."

मी कात्री टेबलावर आपटली. "भावाला सांभाळलंस! आणि मी? चार महिने मी तुझ्या त्या उचललेल्या पायावर जगले!"

ती रडायला लागली. मला तिच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि तिच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. दोन्हीपैकी काहीच झालं नाही. ती डोळे पुसत म्हणाली, "सोमवारची डॉक्टरची वेळ घेतली आहे मी."

"घेतलीस ना? जाऊ. पण रविवारी पुन्हा पाय उचल."

"नव्या टायरवर? मग त्याला काय सांगणार?"

मी पँटची कड पुन्हा उसवायला घेतली.

रविवारी नवरा वाट चार वेळा चालला, माझा हात धरून. चारचौघांत हात धरणारा हा माणूस नव्हे. मी त्याच्याबरोबर पाठ करत गेले. पहिले दोन उजवीकडून, खांबापाशी डावीकडे, मग पाच शंकूंची नागमोडी, मग मोठा वळसा. परत आल्यावर मी कापडावर खुणा करायचा माझा खडू काढला आणि चारही टायरच्या कडांवर रेघा ओढल्या. जोरात वळताना टायर कडेवर किती लवला ते रेघ किती पुसली त्यावरून कळतं. एवढं एक काम मी कुरकुर न करता नेहमीच करत आले होते.

नणंद गाडीत बसली. नवरा तिच्या खिडकीशी वाकला. "आज पूर्ण दाबायचा. मला टायर बघायचेत."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी खडू पिशवीत ठेवण्यात गुंतले.

ती सुटली. गाडी जमिनीला धरून वळत होती, मागचं चाक कुठेही घसरलं नाही. तोपर्यंतची दिवसातली सगळ्यात चांगली वेळ तिची लागली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती उतरली ती आमच्याकडे न बघता पाण्याची बाटली शोधत राहिली. रेघा कडेपर्यंत पुसल्या गेल्या होत्या. मी नव्या ओढल्या.

"काय धरतात!" नवरा म्हणाला, आणि हेल्मेट चढवून बसला.

तो सुटला, पण हळू, अंधारात जिना उतरावा तसा. पहिले दोन उजवीकडून. बरोबर. खांबापाशी डावीकडे. बरोबर. माझे ओठ हलत होते. नागमोडीत तिसऱ्या शंकूपाशी गाडी रेंगाळली आणि चौथ्यापाशी उभी राहिली. इंजिन चालू होतं, घड्याळ चालू होतं. कुणीतरी म्हणालं, बिघाड झाला वाटतं. मी दोरीखालून वाकून आत धावले. मागून कोणी ओरडलं, "बाई, आत जाता येत नाही!" मला कोण अडवतो ते बघायचंच होतं.

दार उघडून त्याच्या शेजारी बसले. तो माझ्याकडे वळला. हेल्मेटमधून नुसते डोळे दिसत होते.

"आता कुठे?"

"उजवीकडून," मी म्हटलं. "मग पुढचा डावीकडून."

तो निघाला. मी बोट दाखवेन तिकडे, चालत्या माणसाच्या वेगाने, एकही शंकू न हलवता. स्टिअरिंगवरचे हात तेच, पूर्वीसारखे अलगद. मोठा वळसा त्याने मला न विचारता घेतला, आणि मला वेड्यासारखी आशा वाटली. पुढे दोनच शंकू होते. तो पुन्हा माझ्याकडे बघत होता.

घड्याळवाल्याने वेळ वाचून दाखवली नाही. नवरा उतरला, हेल्मेट काढलं, गाडीभोवती फिरून एकेका चाकाशी वाकला. खडूच्या रेघा ओढल्या तशाच होत्या.

"अहो, फसवलं मला त्या टायरवाल्याने," मी म्हटलं. "तारीख खोटी असणार. कडक रबर आहे, तुम्ही तरी काय करणार! उद्याच बदलून आणते मी." माझा आवाज चढत गेला आणि लोक बघायला लागले. "टायरचाच दोष आहे, मी सांगते ना!" नणंदेने माझा दंड धरला.

त्याने खाली बसून अंगठ्याचं नख रबरात दाबलं. ते अलगद रुतलं.

"नाही गं," तो म्हणाला. "फार चांगले निवडलेस."