गाळात रुतलेली मेंढी

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे, आणि जरा मत्सरी आहे.

मी कोणत्या कारखान्यात घडले ते आठवत नाही. अंगावरची अक्षरं केव्हाच पुसली गेली. बहारीनमध्ये, मनामाच्या जुन्या बाजारातून मला विश्वजीतने आणलं. तो आणि स्वरूप, दोघे एसी दुरुस्त करणारे, उम्म अल हस्सममध्ये एकाच खोलीत राहायचे. सुट्टीच्या दिवशी बुसैतीनच्या किनाऱ्यावर फ्लेमिंगो बघताना माझ्यासाठी दोघांची ओढाताण चालायची. ते माझे सुखाचे दिवस!

पुढे विश्वजीतचं लग्न झालं. स्वरूप ऑस्ट्रेलियाला गेला, मेंढ्यांच्या एका दूरच्या कुरणावर पंप सांभाळायला. लवकरच मालकाने सगळ्या कुरणाची देखरेखच त्याच्या हाती दिली. तो फोटो पाठवायचा आणि विश्वजीतचं जेवण कडू व्हायचं.

"या एकदा," स्वरूप म्हणाला. विश्वजीतने लीव्ह टाकली आणि आधी लांब नळीचा कॅमेरा घेतला. मी बॅगेच्या तळाशी गेले, तेही त्याची बायको दीप्ती हट्टाला पेटली म्हणून.

तिथे लाल माती, नजर पोचेल तिथवर मेंढ्या. संध्याकाळी कांगारू कुंपणाशी यायचे, एमू तुरुतुरु पळायचे, गुलाबी छातीचे काकाकुवे झाडं भरून टाकायचे. कॅमेरा सारखा खटखट वाजायचा आणि मी आतल्या आत जळायचे. विश्वजीतही जळत होताच.

"नशीब काढलंस लेका. आम्ही आपले दोन खोल्यांत," तो टोचून म्हणायचा. स्वरूप नुसता हसायचा.

दीप्तीने एकदा विचारलंच, "अहो, त्याला भेटायला आलात की त्याचं मोजायला?"

एका सकाळी आभाळात गरुड घिरट्या घालू लागले. विश्वजीत फोटो काढण्यात गुंग. दीप्तीने मात्र मला डोळ्यांना लावलं आणि गरुड सोडून खाली पाहिलं. आटत आलेल्या तळ्याच्या गाळात एक मेंढी पोटापर्यंत रुतली होती. काठावर कोकरू ओरडत होतं.

"स्वरूपभाऊजी, मेंढी!"

दोघे धावले. कॅमेरा मातीत टाकून विश्वजीत गाळात उतरला. ओढता ओढता दोघेही आडवे झाले, पण मेंढी निघाली. ती लटपटत उभी राहताच कोकरू तिला लुचायला लागलं.

चिखलात बसल्या बसल्या स्वरूप म्हणाला, "विश्या, आज कोणीतरी मराठीत ओरडलं. तुम्ही गेलात की पुन्हा शुकशुकाट! घरी गेलास की दार उघडायला माणूस असतं तुझ्याकडे. मला जळवायला आलास काय?"

विश्वजीतने स्वरूपच्या चिखलाने भरलेल्या खांद्यावर हात ठेवला.

निघताना स्वरूपने मला मागितलं. विश्वजीत म्हणाला, "नाही देणार. हिवाळ्यात बहारीनला ये. यल्ला, चल, तिकीट काढ."

आता मी पुन्हा आमच्या खोलीत आहे. कॅमेऱ्याला शेजारची मऊ पिशवी मिळाली आहे. खोटं कशाला बोलू, हेवा अजून वाटतो. पण परवा स्वरूपचा फोन आला, त्याची लीव्ह पास झाली. विश्वजीतने लगेच मला काढून हलक्या हाताने पुसलं.

मित्रांनो, दुर्बीण फार दिवस बंद राहिली की भिंगाला आतून बुरशी धरते. बाहेरून कितीही पुसा, ती जात नाही. म्हणून मला अधूनमधून उघडा आणि वारा लागू द्या.