साडूच्या कार्डातला माग

पासपोर्टचे फोटो काढून काढून स्टुडिओवाल्याची नजर अशी झाली होती, की समोरच्या माणसाचे दोन्ही कान दिसतायत का एवढंच तो आधी बघायचा. ते पोटासाठी. खरा तो रविवारचा. बावीस वर्षं तो रविवारी अंधारात उठून चिखलात गुडघे रुतवत प्राणी-पक्ष्यांचे फोटो काढत आला होता. फोटो बरे असायचे. म्हणजे लोक बघून 'बरे आहेत' म्हणायचे आणि पुढच्या चौकटीकडे सरकायचे. फोटो क्लबात त्याच्या शब्दाला वजन होतं ते वेगळ्याच कामामुळे.

आताचे कॅमेरे फोटो कुठे काढला तेही लिहून ठेवतात. अक्षांश-रेखांश, चार पावलांचा फरक पडेल इतके नेमके. ते आकडे फोटोच्या पोटात असतात, वरून दिसत नाहीत. पण ज्याला काढता येतात तो थेट घरट्यापाशी जाऊन उभा राहतो. मागे असं झालं होतं. एका फोटोतून घुबडाच्या ढोलीचा पत्ता फुटला, आठ दिवसांत झाडाखाली जत्रा भरली, आणि पिल्लं टाकून जोडी गेली ती गेलीच. तेव्हापासून क्लबाचा नियम झाला: पिल्लांचा, घरट्याचा, बिळाचा फोटो आधी स्टुडिओवाल्याकडे. त्याने आकडे पुसायचे, मग तो चिटणीस बाईंकडे. आकडे नकाशावर टाकून बघायचे नाहीत, ही त्याने स्वतःच स्वतःला लावलेली शिस्त. अकरा वर्षं पाळली. या माणसाजवळ छाती फुगवावी असं एवढंच होतं, आणि तेही कुणाला दाखवता येण्याजोगं नव्हतं.

अशा माणसाच्या दुकानात मंगळवारी दुपारी त्याचा साडू आला.

साडू दातांचा डॉक्टर, बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. स्टुडिओवाला मनातल्या मनात त्याला 'कवळी' म्हणायचा. कॅमेरा घेऊन कवळीला जेमतेम दीड वर्ष झालं होतं, आणि लेन्स अशी, की तान्हं मूल धरल्यासारखी दोन्ही हातांत धरावी लागे.

"दादा, जरा बघता का हे? हसायचं नाही हं."

पडद्यावर ऊद होता. पाणमांजर म्हणतात तोच. मादी अर्धी पाण्याबाहेर, तोंडात मासा, मागे दगडावर दोन पिल्लं, आणि एका पिल्लाच्या मिशीला लोंबणारा थेंब. ढगाळ उजेड, कुठे सावली नाही. स्टुडिओवाल्याने बावीस वर्षांत ऊद बघितला नव्हता. चिखलात पावलं दिसली होती, दोनदा.

"बरा आहे," तो म्हणाला.

"बरा म्हणजे?"

"म्हणजे बरा. उजवीकडून थोडा कापावा लागेल."

"कापा की. तुम्ही म्हणाल तसं. बाई म्हणतायत, प्रदर्शनात दारातच लावायचा, चार फुटी. तेवढं ठिकाण पुसून द्या. मला ते जमत नाही, मी आपला दाढा उपटणारा."

"कुठे मिळाला?"

"ते विचारायचं नसतं ना, दादा? तुमचाच नियम." डॉक्टर मनापासून हसला. त्याचं हसणंही छान होतं, सगळे दात स्वतःचे. "कार्डच राहू द्या, उद्या नेईन."

आणि इथे डॉक्टर चुकला. त्याच्या कॅमेऱ्यात एक सोय होती, जी त्याने सुरू करून ठेवली होती आणि विसरला होता. कॅमेरा बंद करून पिशवीत टाकला तरी तो दर काही सेकंदांनी आपण कुठे आहोत ते लिहीत राहायचा. फोटोचं ठिकाण तर सोडाच, दिवसभराचा सगळा माग कार्डावर होता.

डॉक्टरची गाडी वळेपर्यंत स्टुडिओवाल्याने धीर धरला. मग अकरा वर्षांची शिस्त मोडायला त्याला एक मिनिट लागलं.

फोटोचा ठिपका पडला जलशुद्धीकरण केंद्राच्या मागच्या, जुन्या साठवण तलावावर. त्याने डोळे चोळले. तिथल्या प्रयोगशाळेत त्याची बायको एकोणीस वर्षं पाणी तपासत होती. मग त्याने माग उघडला. मागचा बुधवार. दवाखान्यापासून निघालेली रेघ तळ्याकडे जाण्याआधी एका जागी थांबली होती, नऊ पन्नास ते दहा पंचवीस. त्याने नकाशा मोठा केला. गच्चीवर हिरवी टाकी दिसली. ती टाकी त्याने स्वतःच्या हाताने रंगवली होती.

दुसऱ्या कुणाच्या डोक्यात जे आलं असतं, ते त्याच्याही आलं, खोटं कशाला बोला. पण अर्धं मिनिटसुद्धा टिकलं नाही, कारण समोर त्याहून वाईट होतं. बायकोने ऊद साडूला दिला होता. दुसरं काही दिलं असतं तर निदान चार लोकांनी नवऱ्याची कीव केली असती. याची कीव कोण करणार? बावीस वर्षं एक माणूस ज्याच्यासाठी चिखल तुडवतो, ते त्याच्या बायकोच्या टेबलामागे पोहत असतं आणि ती ते दीड वर्षाच्या कवळीला नेऊन दाखवते.

त्याने फोटो उजवीकडून कापला. रंग सारखे केले. काम चोख केलं, हात चोखच होता. फक्त 'ठिकाण पुसा' यावर बोट ठेवलं नाही. चार वाजता फोटो बाईंकडे गेला. सहा वाजता तो क्लबाच्या वेबसाइटवर चढणार होता. आकडे फुटले की बोंब डॉक्टरच्या नावाने. विचारलंच कुणी तर म्हणायचं, मी पुसून दिला होता, त्यानेच मागाहून दुसरा पाठवला असेल. एका बाजूला अकरा वर्षांचा शब्द, एका बाजूला नवशिका. कुणाचं ऐकतील?

दुकानाचं शटर लवकर ओढून तो घरी आला. या आठवड्यात बायकोची सकाळपाळी होती. ती येऊन प्रयोगशाळेचे पांढरे कोट घड्या घालत बसली होती.

"डॉक्टर आला होता का इथे? मागच्या आठवड्यात?"

"आला होता. बुधवारी. माझी दुपारपाळी होती ना."

"मला बोलली नाहीस."

"विचारलं नाहीत."

"कशाला आला होता?"

"मला न्यायला. ऊद बघायचा होता त्याला. चहा प्यायला, मग मला ओळखपत्र सापडेना, ते शोधण्यात अर्धा तास गेला." कोटाची बाही तिने दुमडली. "कपाटावर होतं. तुमच्या बॅटऱ्यांच्या डब्याखाली."

तिने काहीच लपवलं नाही, त्यामुळे तो जास्तच पेटला. "साडूला दाखवलास. नवऱ्याला नाही दाखवावासा वाटला."

तिने कोट खाली ठेवला. "नवऱ्याला तीनदा सांगितलं. मोजून तीनदा. पहिल्यांदा म्हणालात, घूस असेल."

"मी?"

"तुम्हीच. दुसऱ्यांदा फोनवर होतात. असा हात केलात." तिने माशी हाकलल्यासारखा हात केला. "तिसऱ्यांदा म्हटलं, फोटोवाला माणूस आहे, फोटो न्यावा. माझ्या फोनवर काढून आणला. तर म्हणालात, हा काळा ठिपका काय, याला फोटो म्हणतात का. वर फोन भरलाय म्हणून तुम्हीच पुसून टाकलात."

त्याला आठवलं. ठिपकाच होता. पण फोनसुद्धा ठिकाण लिहून ठेवतो. त्या ठिपक्यावर त्याने एकदा बोट दाबून बघितलं असतं तर उदाचा पत्ता सहा महिन्यांपूर्वीच त्याच्या हातात होता. पुसण्यात तरबेज माणूस, तो पहिल्या झटक्यात पुसून बसला.

"आणि डॉक्टरने काय विचारलं माहितीये? धाकटीकडे जेवताना मी नुसतं बोलले, आमच्या तळ्यात ऊद आहे. त्याने हातातला घास खाली ठेवला. म्हणाला, ताई, किती वाजता येतो?"

"एवढंच?"

"एवढंच. मला एवढं पुरलं."

ती उठली, कोट कपाटात ठेवायला निघाली आणि पाठमोरीच म्हणाली, "सोपं नव्हतं ते. आत कॅमेऱ्याला बंदी आहे. अधीक्षकांना मी अर्ज केला, ठिकाण बाहेर जाणार नाही, गेलं तर जबाबदार मी. ते म्हणाले, कशावरून जाणार नाही? म्हटलं, साहेब, ते पुसणारा माणूस माझ्या घरातच आहे."

घड्याळात पाच वीस झाले होते. स्टुडिओवाल्याने फोन लावला.

"बाई, तो उदाचा फोटो चढवू नका."

"चढवला की. मला सहाला बाहेर जायचंय, म्हणून पाचलाच. का हो?"

"खाली घ्या. ठिकाण राहिलंय त्यात."

"तुमच्याकडून आलेला मी तपासत नाही."

"माहितीये."

"राहिलंय की ठेवलंय?"

बायको कपाटाचं दार धरून बघत होती.

"ठेवलंय," तो म्हणाला.

खटखट ऐकू आली. "काढला. चौदा जणांनी उघडला होता." मग बाई शांतपणे म्हणाल्या, "यापुढे पुसायचं काम डॉक्टरांकडे देते. त्यांना येत नसेल तर तुम्ही शिकवा."

बायको रडली नाही, भांडली नाही. "उद्या माझ्याबरोबर यायचं," ती म्हणाली. "अधीक्षकांना तुम्ही सांगायचं. तुमच्या तोंडाने."

अधीक्षक थोडक्यात बोलणारा माणूस होता. त्याने सगळं लेखी घेतलं आणि म्हणाला, "कुंपणाशी कॅमेरा घेऊन एक जरी माणूस दिसला, तर यांना प्रयोगशाळेतून काढून मीटरच्या कचेरीत बसवतो." एकोणीस वर्षं पाणी तपासणारी बाई, तिने मग मीटरचे आकडे भरत बसायचं.

स्टुडिओवाल्याचा फोनसुद्धा फाटकावर ठेवून घेतला होता. बायको त्याला तळ्याच्या भिंतीशी घेऊन गेली. दहा पंधराला तिने नुसती हनुवटी हलवली. पलीकडच्या काठाला एक काळा ठिपका होता. इतक्याच अंतरावरून डॉक्टरने मिशीवरचा थेंब टिपला होता. हा विचार त्याच्या मनात ठिपक्याच्याही आधी आला.

"काका," मागून हाक आली. कुंपणाच्या जाळीपलीकडे क्लबातला एक ओळखीचा माणूस, गळ्यात लेन्स. "इथेच ना, डॉक्टरांचा ऊद? मी काल उघडला तेव्हा आकडे होते. काय फोटो आहे हो. वेड लागलं."

बायकोने फाटकाकडे बघितलं. फाटकापाशी पहारेकरी पाठमोरा उभा होता.

स्टुडिओवाला सावकाश जाळीपाशी गेला. "बरा आहे फोटो. पण इथला नाही."

"आकडे तर इथलेच."

"नवा माणूस आहे तो. त्याच्या कॅमेऱ्याला उपग्रह सापडला नाही की जुनंच ठिकाण चिकटवत बसतो. त्याला त्यातलं कळत नाही. आदल्या दिवशी माझ्या बायकोला सोडायला इथे आला होता, तेच राहिलं. अकरा वर्षं मी आकडे बघतोय."

हे बोलताना त्याला जे बरं वाटलं, ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

माणूस खट्टू झाला. मग मान उंचावून तळ्याकडे बघू लागला. "मग ते काय हललं तिकडे?"

"घूस असेल," स्टुडिओवाला म्हणाला.

माणसाने लेन्सला टोपण घातलं आणि तो गेला. स्टुडिओवाला वळला तेव्हा ठिपका पाण्यात उतरला होता. नुसती वलयं उरली होती, आणि बायको त्यांच्याकडे बघत होती.

"किती वाजता येतो परत?" त्याने विचारलं.