राखेचा खिळा

भिंतीवर एकोणीस खिळे होते. प्रत्येक खिळ्याच्या वर खडूने एकेका ऐच्छिक विषयाचं नाव, आणि ज्याला तो विषय हवा त्याने खिळ्याला आपल्या नावाची पट्टी अडकवायची. पट्ट्या पत्र्याच्या, रोपवाटिकेत कुंड्यांत खोचतात तसल्या. सोमवारी दुपारपर्यंत ड्रोन सर्वेक्षणाच्या खिळ्यावर एकतीस पट्ट्या लटकल्या होत्या. खाऱ्या जमिनींवर अठरा, खाणीतल्या पाण्यावर बारा. जमीन-कायद्यावर सात होत्या, कारण त्या तासाला हजेरी घेत नाहीत. सतराव्या खिळ्यावर एकच होती. वर लिहिलं होतं, 'राखेच्या ढिगावरची लागवड', आणि ती एकुलती एक पट्टी मिरीची होती.

बिघडलेल्या जमिनी पुन्हा नांदत्या कशा करायच्या, हे शिकवणारा हा विभाग. तिसऱ्या वर्षाला आलं की प्रत्येकाला तीन पट्ट्या मिळत. शुक्रवारी पाचपर्यंत त्या कितीही वेळा हलवा, कुणी हटकत नसे. पाच वाजता मात्र प्रमुख सर पक्कड घेऊन येत आणि ज्या खिळ्यावर सहापेक्षा कमी पट्ट्या असतील तो खिळा उपटून खिशात टाकत. विषय त्या वर्षापुरता गेला. राखेचा खिळा लागोपाठ दोन वर्षं उपटला गेला होता. राखेच्या मॅडम दरवर्षी नवा खिळा आणून स्वतः हातोडीने ठोकत, आणि प्रमुख सरांना ऐकू जाईल अशा बेताने ठोकत.

"एकच विषय असा आहे," मिरी ढेकळाला सांगत होती, "ज्यात वर्षभरासाठी प्रत्येकाला ढिगावर स्वतःचा पट्टा मिळतो. आठ मीटर बाय दोन. पेरा, झाका, पाणी घाला, काय वाटेल ते करा. पेपर नाही. जे उगवेल त्याचे मार्क."

ढेकूळ हा तिचा वर्गमित्र. अंगापिंडाने भरलेला, आणि पाण्याशिवाय विरघळत नाही म्हणून हे नाव. त्याने डबा बंद केला.

"म्हणजे आपण जमीनदार?"

"राखेचे."

"घराण्यात पहिलाच मी," असं म्हणून त्याने ड्रोनवरची आपली पट्टी काढली आणि सतराव्या खिळ्याला लावली. दोन झाल्या.

ड्रोन आणि राख हे दोन्ही तास मंगळवारी सकाळीच असत, त्यामुळे दोन्ही दगडांवर पाय ठेवायची सोय नव्हती. आणि तिथेच मिरीच्या घरी वाजलं होतं.

घर म्हणजे आत्याची लॉन्ड्री आणि तिच्या माथ्यावरच्या दोन खोल्या. मागच्या अंगणात कपडे वाळत घालायच्या नऊ तारा होत्या, आणि तारांच्या पलीकडे, मधे एक रस्ता सोडून, बंद पडलेल्या वीजकेंद्राचा राखेचा ढीग. पश्चिमेचा वारा सुटला की पांढऱ्या चादरी तासाभरात उंदरी रंगाच्या होत. मग आत्या आभाळाकडे बघून एक ठेवणीतला शब्द उच्चारी आणि सगळं पुन्हा धुवायला टाकी. मिरीला लहानपणापासून तिनेच वाढवलं होतं. लहानखुरी आणि तिखट म्हणून मिरी हे नावही तिचंच.

"अगं, पलीकडच्या मुलीला ड्रोनवर कशी पटकन नोकरी लागली," आत्या इस्त्री फिरवता फिरवता म्हणाली. "तू उडतं ते घ्यायचं सोडून राख कसली घेतेस?"

"राखसुद्धा उडतेच की, आत्या."

"ते मला सांगू नकोस. माझं अर्धं आयुष्य ती झटकण्यात गेलं." इस्त्री धाडकन स्टँडवर बसली. "तीस वर्षं बघतेय. तिथे गवताची काडी उगवली नाही, आणि तू उगवणार?"

"मी नाही, गवतच उगवेल. मी फक्त मधे येणार नाही."

"जीभ बघा!" पण आत्याला हसू आवरलं नाही.

"मला एक अभ्रा दे. धुतलेला. एक दिवस बाहेर टांगते, किती राख बसते ते वजन करून वर्गाला दाखवते. डोळ्यांनी आकडा बघितला की येतील चार जण."

"अभ्रे लॉजवाल्याचे आहेत. त्याला काय सांगू, उशा परीक्षेला बसल्यात?"

तरी तिने एक दिला.

मंगळवारी वारा पश्चिमेचाच होता. मिरीने वाळलेल्या कपड्यांच्या टोपलीतून काढलेला अभ्रा सकाळी लॉन्ड्रीच्याच नाजूक काट्यावर तोलला, ओला केला, तारेवर टांगला. संध्याकाळी तो खडखडीत वाळून करडा झालेला बघून तिला इतका आनंद झाला की आत्या म्हणाली, "कपडे मळले म्हणून नाचणारी ही जगातली पहिलीच."

बुधवारी मधल्या सुट्टीत ती अभ्रा आणि काटा घेऊन खिळ्यांच्या भिंतीसमोर उभी राहिली. वीस-पंचवीस जण जमले. राखेच्या मॅडमही दाराआडून बघत होत्या.

"काल सकाळचं वजन एकशे एकतीस ग्रॅम," मिरीने जाहीर केलं आणि अभ्रा काट्यावर ठेवला. "आणि राख बसल्यावर आता..."

काटा एकशे पंचवीसवर थांबला.

मग हशा फुटला. "ढिगाची राख उडत नाही, अभ्र्याचीच उडते!" कुणीतरी ओरडलं. ढेकूळसुद्धा हसला, मग मैत्रीखातर थांबला. मिरीचे कान तापले. ती काट्याकडे बघत राहिली, जणू काट्यानेच भर चौकात दगा दिला होता.

"अगं, ओला होता तो," मागून एक वैतागलेला आवाज आला.

तो टक्के होता. वर्गात पहिला येणारा, गुणांच्या टक्केवारीशिवाय कशातही रस नसलेला, म्हणून टक्के. त्याच्या तिन्ही पट्ट्या पहिल्याच तासाला ठरलेल्या जागी लागल्या होत्या.

"ओला नव्हता. वाळलेल्या टोपलीतला होता," मिरी म्हणाली.

"हाताला वाळलेला. कापूस हवेतलं पाणी धरतो. लॉन्ड्रीत वाफ किती असते? काल सकाळी तू राखेचं नाही, वाफेचं वजन केलंस. दुपारच्या उन्हात ती गेली. राख बसलीच असेल, पण त्याहून जास्त पाणी गेलं." त्याने मान हलवली. "मातीचा नमुना असा तोलला असतास तर सरांनी वर्गाबाहेर काढलं असतं. आधी ओव्हनमध्ये वाळवायचा, झाकून गार करायचा, मग तोलायचा. नंतरही तसंच. आणि एकच अभ्रा? एकावरून काय कळणार? तीन बाहेर हवेत, तीन आत. आतले नसतील तर राखेमुळेच वाढलं हे कशावरून?"

"मग चल," मिरी म्हणाली.

"कुठे?"

"लॉन्ड्रीत. सहा अभ्रे उचलायचेत."

टक्केला नाही म्हणायचं होतं. पण चुकीचं मोजमाप बघून गप्प बसणं त्याच्या पत्रिकेतच नव्हतं.

आत्याने दारातल्या तिघांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हा कोण?"

"हा म्हणतो काल आम्ही वाफ तोलली."

"शहाणा आहे. मी पावसाळ्यात कपडे वजनावर घेत नाही ते उगाच?" तिने लॉजचे सहा अभ्रे मोजून हातात दिले. "एकालाही भोक पडलं तर तुम्ही तिघं त्या उशा होऊन लॉजवर झोपायला जायचं."

मग धांदल उडाली. प्रयोगशाळेच्या मोठ्या ओव्हनमध्ये मातीच्या डब्यांशेजारी अभ्रे शिरले. शाळेच्या सहलीला निघाल्यासारखे तिघं रात्री आठपर्यंत तिथेच. टक्के काट्याची पातळी पुन्हा पुन्हा तपासत होता, ढेकूळ अभ्र्यांच्या कोपऱ्यात दोऱ्याने खुणा करत होता, मिरी आकडे मोठ्याने म्हणत होती. गुरुवारी सकाळी सहाच्या सहा ओले करून तीन तारेवर गेले आणि तीन वरच्या खोलीत बंद खिडकीआड. आत्या दर तासाला वर डोकावून "कसे आहेत पेशंट?" असं विचारत होती. वारा जोरात होता. एरवी अशा वाऱ्याला शिव्या पडत. त्या दिवशी मिरी त्याला 'अजून, अजून' म्हणत होती.

संध्याकाळी पुन्हा ओव्हन, पुन्हा काटा. आतल्या तिघांत वाढ शून्य, शून्य पूर्णांक एक, शून्य पूर्णांक एक. बाहेरच्यांत एक पूर्णांक नऊ, दोन पूर्णांक तीन, एक पूर्णांक सात.

"दोन ग्रॅम!" मिरी उडालीच. "एका अभ्र्यावर, एका दिवसात, दोन ग्रॅम!"

"सरासरी एक पूर्णांक सत्त्याण्णव," टक्के म्हणाला. पण त्याचाही आवाज चढला होता, आणि त्याने तिसऱ्यांदा तोलून बघितलं ते खात्रीसाठी नाही, पुन्हा तेच बघायची मजा वाटली म्हणून.

शुक्रवारी सकाळी मिरीने सहा अभ्रे खिळ्यांच्या भिंतीखाली ओळीने टांगले. करडे आणि पांढरे. खाली आकडे. या वेळी कुणी हसलं नाही. दुपारपर्यंत राखेच्या खिळ्यावर पाच पट्ट्या झाल्या: मिरी, ढेकूळ, खाणीकडच्या गावच्या दोघी बहिणी आणि जमीन-कायद्याला कंटाळलेला एक जण. पावणेपाच वाजले तरी पाचच. प्रमुख सर पक्कड हातात घेऊन खोलीबाहेर आले आणि घड्याळाकडे बघत उभे राहिले. राखेच्या मॅडम दुसऱ्या दारात, हाताची घडी घालून.

टक्के ड्रोनच्या खिळ्यासमोर होता. पट्टी बोटांत धरलेली, काढलेली नाही.

"राखेच्या विषयाचे जुने पेपर नाहीत," तो हळू म्हणाला.

"पेपरच नाही."

"आणि तुझा आकडा एका दिवसाचा आहे. वारा रोज वेगळा. उन्हाळ्यात वेगळा, थंडीत वेगळा. एका दिवसाच्या मोजणीवर तू ढिगाबद्दल काय सांगणार? काहीच नाही."

"काहीच नाही," मिरी म्हणाली. "म्हणून तर मला वर्ष हवंय."

टक्केने तिच्याकडे बघितलं. मग अभ्र्यांकडे. "ढिगावरच्या पट्ट्यांच्या चारी बाजूंना धूळ मोजायला ओल्या कापडाच्या चौकटी लावू या," तो घाईघाईने म्हणाला, "आणि एक पट्टा काहीच न पेरता मोकळा ठेवायचा. तुलनेला. माझाच ठेवू."

"तुझ्या पट्ट्यात काही उगवलं नाही तर मार्क?"

"अरे हो," टक्के म्हणाला आणि खरोखर पांढरा पडला. मग खांदे उडवून त्याने पट्टी काढली आणि सतराव्या खिळ्याला अडकवली. "कोपऱ्यात एक मीटर पेरीन."

सहा.

आणि मग जे झालं ते कुणाच्याच हिशेबात नव्हतं. टक्के जिथे गेला तिथे मार्क असणारच, असा वर्गाचा पक्का समज होता. ड्रोनच्या खिळ्यावरून एक पट्टी निघाली, मग दुसरी, मग तीन एकदम, पत्रे खणखणत. राखेचा खिळा भाराने वाकला. पाच वाजता प्रमुख सर जवळ आले, त्यांनी मोजलं, पुन्हा मोजलं, आणि पक्कड उलटी धरून त्याच खिळ्यावर दोन ठोके मारले. "अकरा आहेत. पट्टे पुरतील ना, मॅडम?"

"ढीग मोठा आहे, सर," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी ढेकळाच्या पाठीवर जोरात थाप मारली.

मिरी धावतच घरी गेली. आत्या तारांवरून चादरी ओढत होती.

"झालं! अकरा जण!"

"आणि ड्रोन?"

"ड्रोन नाही, आत्या."

आत्याने चादर झटकली, घडी घातली, दुसरी ओढली. "मग कधी पेरताय?"

"मंगळवारी."

"मला सांग. पाण्याचा पाइप इथून रस्त्यापलीकडे पोचतो. पण बादल्या माझ्या घेऊन जायच्या नाहीत."

मंगळवारी अकरा जणांनी ढिगावर खुंट्या ठोकल्या. राखेत कुजलेलं खत मिसळलं, गवताचं बी टाकलं, वरून पेंढा अंथरला, आणि आत्याच्या पाइपने पाणी दिलं. टक्केने मोकळ्या पट्ट्याभोवती चौकटी लावल्या. पहिले दहा दिवस कुणालाच काही दिसलं नाही. अकराव्या दिवशी मिरी पहाटेच एकटी ढिगावर चढली, गुडघे टेकले, पेंढा बोटाने बाजूला केला आणि मोजपट्टी लावली.

पहिल्या चौरस मीटरमध्ये चौदा कोंब. सर्वांत उंच एकोणीस मिलिमीटर.